आधी टपाल, मग गोल्फ: भूमध्य समुद्रातल्या आलिशान क्रूझची पार्श्वभूमी

भूमध्य समुद्रातल्या आलिशान गोल्फ क्रूझचा दिनक्रम पाहिला तर त्यात एक गमतीशीर दृश्य ठरलेलं असतं. सकाळी जहाज बंदराला लागतं आणि धक्क्यावर दोन बस उभ्या असतात. एक गोल्फच्या मैदानाकडे निघते, दुसरी पडकी देवळं, किल्ले, कॅथेड्रल दाखवायला. संध्याकाळी दोन्ही बसमधली मंडळी जहाजावर एकाच टेबलाशी जेवायला बसतात. समुद्रप्रवास, गोल्फ आणि पुराणवास्तू यांचं एकमेकांशी तसं काही नातं नाही. तरी त्यांची मोट बांधली गेली, कारण या समुद्रावर तिघांनाही आणणारी माणसं जवळजवळ तीच होती: टपालाच्या आगबोटी चालवणारे ब्रिटिश, छावण्यांमधले त्यांचे अधिकारी आणि उत्तर युरोपातल्या थंडीला कंटाळलेले श्रीमंत.

सुरुवात टपालापासून. 1837 साली पेनिन्सुलर कंपनीला इंग्लंडहून पोर्तुगाल, स्पेन आणि जिब्राल्टरकडे टपाल नेण्याचं सरकारी कंत्राट मिळालं. 1840 मध्ये तिच्या नावात ‘ओरिएंटल’ जोडलं गेलं आणि पी अँड ओ कंपनी उभी राहिली. जिब्राल्टर, माल्टा, अलेक्झांड्रिया असा आगबोटींचा मार्ग. पुढे इजिप्त जमिनीवरून ओलांडून सुएझला दुसरी बोट, आणि मग हिंदुस्थान. टपालाच्या बोटीला वाऱ्याची वाट पाहत थांबायची मुभा नव्हती, त्यामुळे कोणत्या बंदराला कधी पोहोचणार हे आधी सांगता येऊ लागलं. हौसेनं फिरणाऱ्याला नेमकं हेच हवं असतं. शिवाय टपाल असो नसो, रिकाम्या केबिनचा खर्च कंपनीच्या डोक्यावर होताच.

1844 मध्ये कंपनीनं नामी शक्कल लढवली. विल्यम थॅकरे या लेखकाला तिनं फुकट तिकीट दिलं. लिस्बन, जिब्राल्टर, माल्टा, अथेन्स, स्मर्ना (आजचं इझमीर), कॉन्स्टँटिनोपल (आजचं इस्तंबूल), जाफा, अलेक्झांड्रिया असा प्रवास त्यानं वेगवेगळ्या बोटी बदलत केला आणि परतल्यावर त्यावर पुस्तक लिहिलं. अथेन्स त्याला फारसं रुचलं नाही, हेही त्यानं लपवलं नाही. आज पर्यटन कंपन्या नामवंतांना फुकट फिरवतात आणि ते फोटो टाकतात. त्या धंद्याचा हा आद्य नमुना म्हणायला हरकत नाही. बंदरांची ही यादी एखाद्या आजच्या माहितीपत्रकाशी ताडून पाहिली तर अर्धीअधिक नावं जुळतात.

पण ही झाली ठरलेल्या मार्गावर तिकीट काढून केलेली भटकंती. सगळ्यांनी एकाच जहाजावर राहायचं, जहाजानंच बंदरोबंदरी न्यायचं आणि शेवटी घरी आणून सोडायचं, हा प्रकार ठळकपणे दिसतो तो 1867 मध्ये. अमेरिकेच्या यादवी युद्धात नौदलानं वापरलेली ‘क्वेकर सिटी’ ही बाजूच्या मोठ्या चाकांनी पाणी कापत जाणारी आगबोट 8 जूनला न्यूयॉर्कहून निघाली. भाडं होतं 1,250 डॉलर. नामांकित धर्मोपदेशक हेन्री वॉर्ड बीचर आणि त्याच युद्धात गाजलेले जनरल शर्मन सोबत असतील, अशी हवा आधी झाली होती. प्रत्यक्षात दोघंही आले नाहीत. आला तो मार्क ट्वेन हा लेखक, आणि त्याचं भाडं एका वर्तमानपत्रानं भरलं होतं.

या सफरीतला एक प्रसंग क्रूझच्या सगळ्या इतिहासाची नस पकडणारा आहे. जहाज अथेन्सच्या पिरियस बंदरात पोहोचलं, पण साथीच्या भीतीनं क्वारंटाइन लागू होता. किनाऱ्यावर उतरायला बंदी. समोर अॅक्रोपोलिसची प्राचीन टेकडी दिसतेय आणि जहाज सकाळी निघणार. ट्वेन आणि आणखी तिघं रात्री होडीतून गुपचूप उतरले, वाटेत द्राक्षांच्या मळ्यांवर हात मारला, रखवालदारांच्या शिव्या खाल्ल्या, पहारेकऱ्यांचे हात ओले केले आणि चांदण्यात तिथलं पार्थेनॉन मंदिर पाहून पहाटेच्या आत बोटीवर परतले. जहाज कितीही सुखाचं असो, प्रवाशाचा जीव किनाऱ्यावर मिळणाऱ्या तासांत अडकलेला असतो. पुढच्या दीडशे वर्षांत क्रूझवाल्यांनी ‘आलिशान’ या नावाखाली जे विकलं, त्यात मला तरी हे तासच सर्वांत महाग वाटतात.

ते तास हिशेबात बसवणारा माणूस म्हणजे हँबर्गचा आल्बर्ट बालिन. हापाग या जहाज कंपनीच्या प्रवासी विभागाचा तो प्रमुख होता. त्याची अडचण साधी होती. उत्तर अटलांटिकवर हिवाळ्यात प्रवासी रोडावत आणि महागड्या बोटी गोदीत नुसत्या पडून राहत. त्यातली ‘आउगुस्टा व्हिक्टोरिया’ त्यानं 22 जानेवारी 1891 रोजी कुक्सहाफेनहून 241 प्रवासी घेऊन भूमध्य समुद्राकडे धाडली आणि स्वतःही बायकोसह त्यात बसला. सहकाऱ्यांनी त्याला वेड्यात काढलं होतं. दोन महिन्यांनी बोट परतली तेव्हा हसणारे गप्प झाले होते. किनाऱ्यावरच्या सहली आधीच आखलेल्या होत्या. कुणी कधी उतरायचं, कुठं जायचं, कधी परतायचं, हे कंपनी सांगणार. धक्क्यावरच्या त्या दोन बसचं मूळ इथं सापडतं.

यश पाहून बालिननं खास सहलीसाठीच जहाज बांधून घेतलं. 1900 मध्ये पाण्यात उतरलेली ‘प्रिन्त्सेसिन व्हिक्टोरिया लुईजे’. 120 केबिन, सगळ्या पहिल्या वर्गाच्या. व्यायामशाळा, ग्रंथालय आणि हौशी छायाचित्रकारांसाठी फोटो धुण्याची अंधारी खोलीसुद्धा. डिसेंबर 1906 मध्ये हे जहाज जमैकाच्या किनाऱ्यावर खडकांवर चढलं. प्रवासी वाचले, कप्तानानं मात्र स्वतःवर गोळी झाडून घेतली.

आता गोल्फ. हा खेळ भूमध्य किनाऱ्यावर दोन वाटांनी आला. पहिली वाट छावणीची. माल्टाचे गव्हर्नर सर हेन्री टॉरेन्स यांनी 1888 मध्ये तिथं गोल्फ क्लब स्थापन केला. राजधानी व्हॅलेटाला लागूनच असलेल्या फ्लोरियानाच्या तटबंदीचे खंदक हेच सुरुवातीचं मैदान. माल्टावर राज्य करणाऱ्या ख्रिस्ती नाइट्सच्या काळात तुर्कांना अडवण्यासाठी खोदलेल्या खंदकात साहेब चेंडू शोधत फिरायचे! पुढे क्लब मार्साच्या मोकळ्या जागेत गेला आणि तिथं तो आजही आहे. दुसऱ्या टोकाला इजिप्तमध्ये ब्रिटिश फौजा 1882 साली शिरल्या आणि त्याच वर्षी कैरोत नाईलच्या बेटावर गेझिरा क्लब निघाला. गोल्फचं मैदान तिथंही झालंच.

दुसरी वाट हवापालटाची. 1834 मध्ये लॉर्ड ब्रूम हे ब्रिटिश राजकारणी इटलीला निघाले असताना कॉलऱ्यामुळे सीमेवर अडले आणि कान नावाच्या कोळ्यांच्या गावात थांबले. गाव आवडलं, घर बांधलं, मागोमाग ओळखीचे आले. नीस, माँतों, सानरेमो अशी गावं दर हिवाळ्यात इंग्रज, रशियन आणि जर्मन बड्या मंडळींनी भरू लागली. डॉक्टर क्षयाच्या रोग्यांनाही इकडेच पाठवत. या मंडळींचा मोठा प्रश्न म्हणजे दिवसभर करायचं काय? कॅसिनो रात्रीचा. दिवसाला उत्तर मिळालं ते गोल्फचं.

कानजवळच्या मांदलिय्यूच्या मैदानाची कथा तर कादंबरीला शोभावी अशी आहे. रशियाचे ग्रँड ड्यूक मिखाईल मिखाइलोविच यांनी 1891 मध्ये सानरेमोला कवी पुश्किनच्या नातीशी लग्न केलं. घराण्याच्या नियमात न बसणारं हे लग्न झारला खपलं नाही आणि त्यांना रशियाची दारं बंद झाली. मग त्यांनी कानला बस्तान बसवून त्याच वर्षी गोल्फ क्लब काढला. सियान नदी मैदानाच्या मधून वाहते, म्हणून खेळता खेळता नदी ओलांडायला एक तराफा ठेवलेला आहे. चार-दोन माणसं आणि त्यांच्या पिशव्या घेऊन तो आजही या काठावरून त्या काठावर जातो. म्हणजे बालिनची पहिली सफर आणि किनाऱ्यावरचं हे नामवंत मैदान, दोन्ही एकाच वर्षातली. कुणी ठरवून केलं नव्हतं, पण गिऱ्हाईक एकच होतं.

पुढे रोमजवळ अक्वासांता क्लब 1903 मध्ये निघाला. तिथं चेंडू मारताना मागे प्राचीन रोमन जलवाहिनीच्या कमानी दिसतात. मोनॅकोच्या माथ्यावर मोंट आझेलचं मैदान 1911 मध्ये झालं. स्पेनमध्ये मालागाचं 1920 च्या दशकातलं. हे सगळं हिवाळ्यासाठी होतं. उन्हाळ्यात रिव्हिएरावरची, म्हणजे कान ते सानरेमो या किनाऱ्यावरची, हॉटेलं चक्क बंद असत. मुद्दाम उन्हात पडून राहायची फॅशन पहिल्या महायुद्धानंतरची, आणि तिनं हंगाम उलटा करून टाकला. गोल्फवाल्यांना मात्र जुलै-ऑगस्टचं ऊन झेपत नाही, म्हणून गोल्फच्या क्रूझ आजही बहुतेक वसंतात नाहीतर शरद ऋतूत निघतात.

दोन महायुद्धांच्या मधल्या काळात अटलांटिकवरच्या बोटी हिवाळ्यात इकडे वळवण्याचा बालिनचा मार्ग सगळ्यांनीच धरला. त्यात फार नवं काही नाही. नवं घडलं ते 1954 मध्ये, स्वान या ब्रिटिश कंपनीनं ग्रीसच्या बाजूला अभ्यासू सहली सुरू केल्या तेव्हा. जहाज तुर्की, नाव ‘अंकारा’, चैन बेताचीच. पण सोबत विद्वान. त्यांच्यात सर मॉर्टिमर व्हीलर होते, 1944 ते 1948 या काळात भारताच्या पुरातत्त्व खात्याचे महासंचालक असलेले आणि हडप्पा, अरिकामेडू इथं उत्खनन केलेले तेच. सकाळी अवशेष, संध्याकाळी डेकवर व्याख्यान. आज महागड्या क्रूझवर ‘पाहुणे व्याख्याते’ असतात, त्या प्रथेला खरं वजन आलं ते इथून.

1958 मध्ये अटलांटिकवर जेट विमानांची वाहतूक सुरू झाली आणि प्रवासी बोटींचा मूळ धंदाच बसायला लागला. माणसं विमानानं बंदरापर्यंत येऊन तिथून आठवड्याभराची सफर करू लागली. त्याच विमानांनी स्पेनचा दक्षिण किनारा उघडला. तिथं गोल्फची मैदानं उभी राहिली: ग्वादालमिना 1959, मैदानं आखणाऱ्या रॉबर्ट ट्रेंट जोन्सचं सोतोग्रांदे 1964. तिथूनच पुढे वालदेर्रामा निघालं, जिथं 1997 मध्ये युरोप विरुद्ध अमेरिका अशी रायडर कप ही गोल्फ स्पर्धा झाली. युरोपच्या मुख्य भूमीवर ही स्पर्धा तेव्हा पहिल्यांदाच आली होती. स्पॅनिश गोल्फपटू सेव्हे बायेस्तेरोसच्या कप्तानीत युरोपनं ती साडेचौदा विरुद्ध साडेतेरा अशी निसटती जिंकली. सार्डिनियात आगा खान यांनी उभारलेल्या कोस्ता स्मेराल्दावर पेव्हेरोचं मैदान 1972 मध्ये झालं.

नकाशावर या मैदानांच्या जागा टिपल्या तर ती पश्चिमेकडे दाटीनं आणि पूर्वेकडे विरळ दिसतात. तुर्कस्तानातल्या बेलेकचा मोठा अपवाद सोडला तर एजियन बेटांच्या बाजूला मोजकीच. हिरवळीला पाणी लागतं आणि कोरड्या बेटांवर ते नाही. त्यामुळे कार्यक्रमात गोल्फचे दिवस सहसा स्पेन, रिव्हिएरा, सार्डिनिया, इटलीत पडतात, आणि ग्रीसला पोहोचलं की गोल्फवालेही मुकाट्यानं पार्थेनॉनच्या बसमध्ये चढतात. पाण्यावरून टीका पश्चिमेतही होतेच. अनेक मैदानांवर सांडपाणी शुद्ध करून वापरलं जातं, तरी उन्हाळ्यात गावाला पाणीटंचाई आणि मैदान हिरवंगार हे चित्र डोळ्यांत खुपतं.

आलिशान लहान जहाजांची लाट 1984 मधल्या ‘सी गॉडेस’पासून आली. सव्वाशेच्या आतले प्रवासी, खासगी यॉटसारखा थाट. वर्षभरात धक्का बसला. 7 ऑक्टोबर 1985 रोजी इजिप्तजवळ ‘आकिले लाउरो’ या इटालियन जहाजाचं अपहरण झालं, एका अमेरिकी प्रवाशाचा खून झाला आणि अमेरिकी गिऱ्हाईक काही काळ या समुद्राकडे फिरकेना. सावरल्यावर 1988 मध्ये ‘सीबोर्न प्राइड’ आणि 1994 मध्ये ‘सिल्व्हर क्लाउड’ आलं. फक्त स्वीट, जेवायला ठरलेली पंगत नाही, आणि मोठ्या जहाजांना न मिळणाऱ्या चिमुकल्या बंदरांत शिरण्याची सोय.

जहाजावरचा गोल्फही बदलला. पूर्वी डेकवरून चेंडू थेट समुद्रात मारायची मौज असे. जहाजावरून प्लास्टिक समुद्रात टाकायला बंदी घालणारा मार्पोल या आंतरराष्ट्रीय प्रदूषणविरोधी कराराचा भाग 1988 च्या अखेरीस लागू झाला आणि ती मौज संपली. आता चेंडू अडवणारी जाळी नाहीतर पडद्यावर खेळायचा सिम्युलेटर.

खरी कसरत असते ती घड्याळाची. 18 होलचा एक डाव म्हणजे चार-साडेचार तास. अर्ध्या दिवसाची सहलही साधारण तेवढीच, म्हणून नवरा मैदानावर आणि बायको संग्रहालयात, किंवा उलट, हे गणित जमतं. पण चिविताव्हेक्कियाहून रोम सत्तरेक किलोमीटर, लिव्होर्नोहून फ्लॉरेन्स नव्वदच्या आसपास. बसचा वेळ धरला की दुपारी सुटणाऱ्या जहाजाला गोल्फ परवडत नाही. म्हणून गट मोठा असेल तर शॉटगन स्टार्ट घेतात: चार-चार खेळाडूंच्या सगळ्या चौकड्या एकाच वेळी वेगवेगळ्या होलवरून सुरू करतात आणि जवळपास एकाच वेळी संपवतात. नाहीतर शेवटच्या चौकडीसाठी अख्खी बस ताटकळते, आणि जहाज थांबत नाही. पिशव्या आदल्या रात्रीच जहाजाचे कर्मचारी ताब्यात घेतात. हँडिकॅपचं, म्हणजे खेळाडूची पातळी दाखवणाऱ्या आकड्याचं, प्रमाणपत्र नसेल तर युरोपातले काही क्लब दारातूनच परत पाठवतात. रात्री उशिरापर्यंत किंवा मुक्कामी थांबणारी जहाजं हल्ली वाढली आहेत, आणि गोल्फचे गट त्यांनाच धरून असतात.

बंदरांचा मूडही आता बदलला आहे. क्रोएशियातल्या दुब्रोव्हनिकनं 2019 पासून एका वेळी दोनच क्रूझ जहाजं येतील असं ठरवलं. 1 ऑगस्ट 2021 पासून व्हेनिसच्या सान मार्कोसमोरून आणि जुदेक्का कालव्यातून 25,000 टनांवरच्या किंवा 180 मीटरहून लांब जहाजांना मनाई आहे. ग्रीसनं 2025 च्या उन्हाळ्यापासून सँटोरिनी आणि मिकोनोसला उतरणाऱ्या क्रूझ प्रवाशावर ऐन हंगामात 20 युरोचा कर बसवला. हजारोंनी माणसं आणणाऱ्या बड्या जहाजांना हे सगळं जाचतं. ‘सी गॉडेस’च्या मापाची चार-पाच हजार टनांची जहाजं व्हेनिसच्या मर्यादेत आरामात बसतात, आणि गोल्फचे गटही बहुधा लहान जहाजंच निवडतात.