कंटिन्युओ की ऑब्लिगातो? बाखच्या फ्लूट सोनाटांमधली गल्लत

जर्मन संगीतकार बाखचे फ्लूट सोनाटा (फ्लूटसाठीच्या अनेक भागांच्या रचना) बहुतेक वेळा एकाच पुस्तकात छापलेले मिळतात, म्हणून ई मायनर (बीडब्ल्यूव्ही, म्हणजे बाखच्या रचनांच्या सूचीतला क्रमांक, १०३४) आणि बी मायनर (बीडब्ल्यूव्ही १०३०) एकाच जातीचे वाटतात. दोन्हींत वर फ्लूट, खाली हार्पसिकॉर्डच्या (पियानोच्या आधीच्या, तारा छेडणाऱ्या कीबोर्ड वाद्याच्या) दोन ओळी. पण ई मायनरमध्ये त्या दोनपैकी वरची ओळ बाखची नाहीच.

त्याने लिहिला तो फ्लूट आणि बास, म्हणजे सर्वांत खालची ओळ. बासला जोडून आकडे. त्यांवरून उजव्या हाताने कॉर्ड (एकत्र वाजणारे स्वर) भरायचे ते वादकाने. बासमधल्या ई स्वराला आकडा नसेल तर ई-जी-बी; ६ असेल तर ई-जी-सी; नुसतं शार्पचं चिन्ह असेल तर बासपासून मोजून तिसरा स्वर चढा, म्हणजे ई, जी शार्प, बी. हाच बास सहसा चेलो किंवा व्हिओला दा गांबाही (चेलोसारखं जुनं तंतुवाद्य) वाजवतो. ही झाली कंटिन्युओची साथ. आजच्या प्रतीतले उजव्या हाताचे स्वर संपादकाने भरलेले, बऱ्याचदा बारीक टाइपात. ते बदलायला मुळीच कचरू नये.

नवशिके दोन ठिकाणी घसरतात. ॲलेग्रोत, म्हणजे जलद भागात, बासच्या प्रत्येक जलद स्वरावर कॉर्ड ठोकतात आणि चाल जड होते. स्वरसंगती बदलेल तिथे एक कॉर्ड पुरतो. दुसरं, उजवा हात फ्लूटच्या वर चढतो. त्या काळच्या एका कळीच्या लाकडी फ्लूटचा सर्वांत खालचा स्वर डी, आणि त्या खालच्या टोकाचे स्वर मुळातच मंद. तिथे चार स्वरांचे कॉर्ड दोनांवर आणावेत.

बी मायनरच्या हस्तलिखितात शीर्षकात 'चेंबलो ऑब्लिगातो' (पूर्ण लिहून दिलेला, वगळता न येणारा हार्पसिकॉर्डचा भाग) आधी येतो, फ्लूट नंतर. इथे उजव्या हाताचा स्वरन् स्वर बाखने लिहिलाय. फ्लूटने घेतलेली धून तो हात उचलतो. जुगलबंदी म्हणायचा मोह होतो, पण आयत्या वेळचं यात काही नाही. संथ 'लार्गो ए दोल्चे'मध्ये हार्पसिकॉर्ड साथीलाच उतरतो, तीही लिहून दिलेली.

गंमत अशी की 'एका फ्लूटचा' कंटिन्युओ सोनाटा वाजवायला बहुधा तिघं लागतात, आणि ऑब्लिगातोत दोघांत तीन धुना चालतात. पुरावा हवा असेल तर दोन फ्लूट आणि कंटिन्युओचा जी मेजर ट्रायो, म्हणजे तीन ओळींची रचना, (१०३९) घ्या. तेच संगीत १०२७ मध्ये गांबा आणि हार्पसिकॉर्ड असं दोघांसाठी आहे: एका फ्लूटचा भाग गांबाला, दुसऱ्याचा उजव्या हाताला.

प्रत हातात आली की आधी बासजवळ आकडे आहेत का पाहा. मग फ्लूटच्या विरामात उजवा हात काय करतोय ते पाहा. तो फ्लूटचीच धून वाजवत असेल तर त्याला मागे ठेवायचं कारण नाही, आणि चेलोवाल्यालाही बोलवू नका: एकेरी उजव्या हाताखाली दुहेरी बास झाला की मधली धून हरवते.