एपीके फाईल आणि दुरुस्तीला दिलेला फोन : ग्राहकांसाठी माहिती

आमच्या सर्व ग्राहकांना नमस्कार.

पूर्वी काउंटरवर लोक यायचे ते काच फुटली किंवा चार्जिंग होत नाही म्हणून. आता मधूनमधून कुणीतरी येऊन म्हणतं, "फोन चांगला चालतोय, पण खात्यातले पैसे गेले." यातल्या अनेकांनी ओटीपी कुणालाही सांगितलेला नसतो.

मग पैसे जातात कसे? व्हॉट्सॲपवर एक फाईल येते. नाव ‘आरटीओ चलान’, ‘पीएम किसान’, ‘लग्नपत्रिका’ असं काहीही असतं, पण नावाच्या शेवटी टिंब देऊन ए-पी-के ही तीन इंग्रजी अक्षरं असतात. खरी पत्रिका फोटो किंवा पीडीएफ असते. एपीके हे ॲप आहे, ते फोनमध्ये जाऊन बसतं. बसताना एसएमएस वाचायची परवानगी मागतं, आपण घाईत ‘अलाऊ’ दाबतो, आणि तिथून पुढे बँकेचा ओटीपी परस्पर भामट्याकडे जातो. पुष्कळदा त्याचा आयकॉनसुद्धा दिसत नाही. फाईल ओळखीच्या नंबरावरून आली म्हणून निर्धास्त राहू नका. त्या माणसाचा फोन आधीच ताब्यात गेला असेल, तर त्याच्या नकळत ती सगळ्यांना जाते. भाच्याकडून पत्रिका आली तर आधी भाच्याला फोन करून विचारा. गाडीचं चलान महाट्रॅफिक ॲपवर गाडीचा नंबर आणि चासीचे शेवटचे चार अंक टाकून बघता येतं.

अशी फाईल चुकून टाकली गेली असेल, तर लगेच फ्लाईट मोड लावा, वाय-फाय बंद करा, सिम काढा. घरातल्या दुसऱ्या फोनवरून बँकेला कळवून खातं, कार्ड आणि यूपीआय बंद करायला सांगा. पैसे गेले असतील तर 1930 या राष्ट्रीय सायबर हेल्पलाइनला त्याच वेळी फोन करा. पैसे पुढच्या खात्यांत फिरण्याआधी तक्रार पोचली तर ते गोठवता येतात. रिझर्व्ह बँकेच्या नियमानुसार, बँकेला कळवल्यानंतर जे नुकसान होतं ते बँकेने सोसायचं असतं. त्यामुळे तक्रार क्रमांक आणि वेळ लिहून ठेवा. लाजेपोटी कुणी दोन दिवस गप्प बसतं, याचं आम्हाला फार वाईट वाटतं. फसलेल्या माणसाचा यात काही गुन्हा नाही. फोन रिसेट करायला नंतर आमच्याकडे या.

"आज रात्री वीज तोडली जाईल, या नंबरावर फोन करा" हा मेसेजही अजून फिरतो. महावितरण असा मेसेज कुणाच्या खासगी मोबाईल नंबरावरून पाठवत नाही. त्या नंबरावरचा माणूस स्क्रीन दाखवणारं ॲप टाकायला लावतो आणि आपण टाईप केलेलं सगळं वाचतो. आणखी एक गोष्ट घरातल्या वडीलधाऱ्यांना जरूर सांगा : पैसे घ्यायला यूपीआय पिन कधीच लागत नाही.

आता आमच्याबद्दल. फोन दुरुस्तीला देताना सिम आणि मेमरी कार्ड काढून घ्या. स्क्रीन बदलायला किंवा बॅटरी टाकायला तुमचा पासवर्ड लागत नाही. टच तपासायचा असेल तर तुमच्यासमोर तपासू, लॉक तुम्हीच उघडा. काही सॅमसंग फोनमध्ये ‘मेंटेनन्स मोड’ असतो. तो लावला की फोटो, मेसेज, ॲप काहीच आम्हाला दिसत नाही. फोनमध्ये असेल तर लावूनच द्या, आम्हाला त्यात अपमान वाटत नाही. यूपीआय पिन आमचा कुठलाही मुलगा विचारणार नाही. विचारलाच तर तिथल्या तिथे मालकांना सांगा.

जुना फोन एक्स्चेंजला देताना आधी गुगल अकाउंट काढा, मग फॅक्टरी रिसेट करा. जमत नसेल तर काउंटरवर तुमच्यासमोर करून देऊ, त्याचे पैसे घेत नाही.