टू-स्ट्रोक डर्ट बाइकचे जेटिंग आणि धूर

कार्बोरेटरमधले जेट (पेट्रोल मोजून सोडणारी बारीक छिद्रे), सुई आणि हवेचा स्क्रू बदलून किंवा हलवून पेट्रोल व हवेचे प्रमाण इंजिनाच्या गरजेला जुळवण्याच्या कामाला जेटिंग म्हणतात. टू-स्ट्रोक डर्ट बाइकचे पिकअप, प्लगचे आयुष्य, पिस्टनची सुरक्षितता आणि सायलेन्सरमधून निघणारा धूर या सगळ्यांचा संबंध या जुळणीशी आहे. धुराची तक्रार आली की हात सवयीने मेन जेटकडे जातो. खरे तर नको असलेला धूर बहुतांशी थ्रॉटल थोडा उघडा असताना तयार होतो, आणि त्या टप्प्यात मेन जेट जवळजवळ निष्क्रिय असतो. त्यामुळे या कामात पायलट जेट आणि सुई यांना पहिला मान द्यायला हवा.

टू-स्ट्रोक इंजिनाच्या क्रँककेसमध्ये, म्हणजे पिस्टनखालच्या क्रँकच्या कप्प्यात, तेलाचा साठा नसतो. ताजे मिश्रण क्रँककेसमधूनच सिलिंडरकडे ढकलले जाते, म्हणून क्रँकच्या बेअरिंगांना आणि पिस्टनला लागणारे तेल त्या मिश्रणातूनच पोचवावे लागते. हे तेल शेवटी ज्वलनकक्षात येते आणि पेट्रोलबरोबर जळते, पण पेट्रोलइतक्या सहजपणे नाही. इंजिन तापलेले आणि मिश्रण प्रमाणात असेल तर निळसर छटेपलीकडे फारसे काही दिसत नाही. मिश्रण रिच झाले, म्हणजे हवेच्या मानाने पेट्रोल जास्त झाले, की ज्वलन अर्धवट राहते, कक्षाचे तापमान उतरते आणि तेल बारीक थेंबांच्या रूपाने बाहेर पडू लागते. त्यातले काही एक्स्पान्शन चेंबरच्या (सायलेन्सरआधीच्या फुगीर नळीच्या) आतल्या भिंतींवर आणि सायलेन्सरमधल्या लोकरीत साचते, तर काही सायलेन्सरच्या तोंडातून काळ्या चिकट ओघळाने मडगार्डवर येते. अरुंद पायवाटेवर बराच वेळ मंद चालवलेली गाडी मोकळ्यावर आल्यावर रेस देताच पांढरट लोट सोडते, तो हेच साचलेले तेल तापून उडाल्यामुळे. थंड इंजिन सुरू करताना येणारा धूर मात्र या यंत्राचा स्वभावच आहे आणि तो जेटिंगने पूर्ण जात नाही.

जेटला हात लावण्याआधी धुराचे इतर उगम तपासणे आवश्यक असते. क्लचच्या बाजूचे क्रँक सील गेले तर गिअरबॉक्समधले तेल क्रँककेसमध्ये ओढले जाते. तेव्हा धूर दाट पांढरट येतो, त्याला गिअर ऑइल जळल्याचा उग्र वास असतो आणि गिअरबॉक्सची पातळी काही राइड्समध्येच खाली जाते. पाण्याने थंड होणाऱ्या इंजिनात हेडचे ओ-रिंग किंवा गॅस्केट गळू लागले तर कूलंटची गोडसर वासाची वाफ येते आणि रेडिएटर रिकामा होत राहतो. पूर्ण न बसणारा चोक, कार्बोरेटरमधली पातळी राखणाऱ्या फ्लोटची वेगळी सुई झिजल्याने वाढलेली पेट्रोलची पातळी आणि चिखलाने माखलेला एअर फिल्टर ही तिन्ही कारणे मिश्रण रिच करतात. यांपैकी एक जरी शिल्लक असेल आणि ते झाकण्यासाठी जेट लहान केला, तर फिल्टर धुतल्याच्या दिवशी तीच गाडी धोकादायक लीन, म्हणजे हवेच्या मानाने कमी पेट्रोलवर, चालेल. मॅग्नेटच्या बाजूचे सील गेले तर उलट घडते. तिथून बाहेरची हवा आत येते, मिश्रण लीन होते, आणि त्यावर मोठा जेट हा उपाय नसतो.

कार्बोरेटरची कामे थ्रॉटलच्या उघडण्यानुसार वाटलेली आहेत. यामाहाच्या वायझेड-२५० या मोटोक्रॉस गाडीवर असलेला ३८ मिलिमीटरचा केइहिन पीडब्ल्यूके हा याचा चांगला नमुना आहे. थ्रॉटल बंद असल्यापासून साधारण एक-अष्टमांश उघडेपर्यंत पायलट जेट आणि एअर स्क्रू यांचे राज्य असते. मेकॅनिक पायलटला स्लो जेटही म्हणतात. त्यानंतर पाव थ्रॉटलपर्यंत, थ्रॉटलबरोबर वर सरकणाऱ्या स्लाइडच्या तळाचा तिरका काप आणि सुईच्या सरळ भागाची जाडी महत्त्वाची ठरते. पाव ते पाऊण थ्रॉटल या टप्प्यात सुईचा निमुळता भाग आणि तिच्या क्लिपची जागा पेट्रोल ठरवते. मेन जेट खऱ्या अर्थाने कामाला येतो तो पाऊण थ्रॉटलच्या पुढे. हे टप्पे एकमेकांत मिसळलेले असल्याने मोठा पायलट वरच्या टप्प्यातही थोडे पेट्रोल वाढवतो, पण मेन जेट लहान केल्याने खालचा धूर जात नाही. जंगलातून किंवा दगडधोंड्यांतून गाडी चालवणारा स्वार पूर्ण थ्रॉटलवर क्वचितच जातो. त्याचा धूर पायलट आणि सुईतच शोधावा लागतो.

पायलटची जुळणी इंजिन पूर्ण तापल्यावरच करतात. आयडलिंग किंचित वाढवून एअर स्क्रू हलक्या हाताने तळापर्यंत बसवायचा, मग दीड फेरा उघडायचा. तिथून पाव-पाव फेऱ्याने पुढेमागे करत रेस सर्वांत वर आणि स्थिर कुठे राहते, थ्रॉटल दिल्यावर इंजिन अडखळत नाही ते कुठे, हे पाहायचे. पीडब्ल्यूकेवर हा स्क्रू एअर फिल्टरच्या बाजूला असून तो उघडला की हवा वाढते, म्हणजे मिश्रण लीन होते. काही कार्बोरेटरांत स्क्रू इंजिनाच्या बाजूला असतो आणि तो पेट्रोलचा असल्याने उघडला की उलट परिणाम होतो. स्क्रू अडीच फेऱ्यांपेक्षा जास्त उघडावा लागला तर पायलट मोठा आहे, म्हणून एक माप खाली यावे, उदाहरणार्थ ४८ऐवजी ४५. एका फेऱ्याच्या आत उत्तर मिळाले तर पायलट लहान आहे. खालचा टप्पा रिच असेल तर गाडी बुडबुडत, मिसिंग मारत चालते आणि प्लग ओला होतो. लीन असेल तर थ्रॉटल सोडल्यावरही रेस लगेच उतरत नाही, आणि एकदम थ्रॉटल दिला की गाडी क्षणभर गप्प होते.

सुईवर सहसा पाच खाचा असतात. क्लिप वरच्या खाचेत बसवली की सुई खाली उतरते आणि मधला टप्पा लीन होतो. एका वेळी एकच खाच आणि एका वेळी एकच भाग बदलायचा, हा नियम मोडला की कशाचा परिणाम कशावर झाला याचा पत्ता लागत नाही. क्लिप अगदी वरच्या खाचेत नेऊनही पाव थ्रॉटलच्या आसपास धूर राहत असेल तर सरळ भाग जाड असलेली सुई घ्यावी लागते. ही पायरी बहुतेक जण गाळतात, आणि नेमक्या याच ठिकाणी उरलेला धूर दडलेला असतो.

मेन जेट शेवटी आणि सर्वाधिक सावधपणे बदलायचा. पूर्ण थ्रॉटलवर पेट्रोल केवळ जळण्यासाठी नसते. त्याची वाफ होताना पिस्टन थंड राहतो आणि त्याच्याबरोबर तेलही येते. जेट गरजेपेक्षा लहान झाला तर आधी इंजिन खणखणते, मग पिस्टन सीझ होतो (सिलिंडरमध्ये जाम होतो) किंवा त्याच्या माथ्याला भोक पडते. म्हणून मोठ्या मापापासून खाली यायचे आणि केइहिनमध्ये १७८ऐवजी १७५ अशी एकेक पायरी उतरायची. पडताळ्यासाठी नवा प्लग लावून मोकळ्या ट्रॅकवर पूर्ण थ्रॉटलने गाडी ओढतात, क्लच दाबून त्याच क्षणी इंजिन बंद करतात आणि प्लगच्या पांढऱ्या चिनीमातीच्या मुळाशी उमटलेले वलय पाहतात. तपकिरी वलय योग्य, काळे रिच, आणि वलयच नसेल तर लीन. आजच्या पेट्रोलवर हे रंग पूर्वीइतके स्पष्ट उमटत नाहीत, त्यामुळे इंजिनाचा आवाज आणि ओढ यांनाही तितकेच महत्त्व द्यावे. केइहिन आणि मिकुनी यांचे जेटचे आकडे एकमेकांशी जुळत नाहीत. एकाचा आकडा दुसऱ्याला लावणे चूक आहे.

धूर दिसला की तेल कमी करणे हा सर्वांत घातक उपाय आहे. ५०:१ प्रमाणात एक लिटर पेट्रोलला २० मिलिलिटर तेल लागते, ४०:१ला २५ आणि ३२:१ला सुमारे ३१. ५०:१वरून ३२:१वर गेल्यास तेल दीडपट होते, पण जेटमधून जाणारे पेट्रोल जेमतेम एक टक्क्याने घटते. म्हणजे तेलाचे प्रमाण बदलून मिश्रणाचा रिचपणा सुधारता येत नाही, फक्त बेअरिंगांचे संरक्षण घटते. तेलाची प्रत मात्र मोलाची आहे. जपानच्या जासो मानकात एफसी आणि एफडी या श्रेणींना एफबीपेक्षा कमी धुराची अट आहे, आणि डब्यावर ही श्रेणी छापलेली असते.

जेटिंग कायमचे राहत नाही. हवा थंड झाली की दाट होते. १२ अंशांच्या डिसेंबरमधल्या पहाटेची हवा मे महिन्यातल्या ४० अंशांच्या दुपारपेक्षा जवळपास १० टक्के दाट असते, त्यामुळे उन्हाळ्यात अगदी काठावर जुळवलेली गाडी हिवाळ्यात लीन होते. उंचीचा परिणाम उलटा असतो. कोकणपट्टीवरून सुमारे १३५० मीटर उंचीच्या महाबळेश्वरला हवा १२ टक्क्यांच्या आसपास विरळ होते आणि तीच गाडी जास्त धूर काढते. लडाखच्या खिंडींत तर ती प्लग काळे करते. केटीएमच्या कार्बोरेटर असलेल्या एन्ड्युरो गाड्यांच्या पुस्तिकेत उंची व तापमानानुसार जेट, सुई आणि स्क्रूचा तक्ता दिलेला असतो. सुरुवात तिथूनच करावी.

भारतात याला इथेनॉलची जोड मिळाली आहे. २०२५पर्यंत देशभरातल्या पेट्रोलमध्ये इथेनॉलचे प्रमाण २० टक्क्यांच्या आसपास पोचले. शुद्ध पेट्रोलला वजनाने १४.७ पट हवा लागते, तर अशा मिश्रित पेट्रोलला सुमारे १३.५ पट. जेट तोच ठेवला तर मिश्रण आपोआप लीन होते, धूर घटतो आणि मालकाला गाडी सुधारल्याचा भास होतो. जुन्या इंधनावर बरोबर ठरलेला जेट अशा वेळी एक-दोन मापे मोठा करावा लागतो. शिवाय इथेनॉल ओलावा धरते, म्हणून तेल मिसळलेले पेट्रोल टाकीत महिनोन्‌महिने ठेवू नये.

मातीच्या ट्रॅकवर आजही उतरणाऱ्या यामाहा आरएक्स-१०० या ९८ सीसीच्या जुन्या गाडीची गोष्ट वेगळी आहे. तिच्यात तेल वेगळ्या टाकीतून पंपाने जाते. पंपाची केबल जास्त ताणलेली असेल तर कितीही जेट बदलले तरी धूर हटत नाही, म्हणून आधी पंपाच्या खुणा जुळवाव्यात. शर्यतीसाठी पंप काढून पेट्रोलमध्येच तेल मिसळणारे स्वारही आहेत. नव्या गाड्यांत केटीएमने २०१८च्या एन्ड्युरो मॉडेलांपासून टू-स्ट्रोकला फ्युएल इंजेक्शन दिले. त्यात जेटच नसतात, हवेची घनता पाहून संगणकच पेट्रोल मोजतो.

जेटिंग बरोबर झाल्यावरही पहिल्या काही तापलेल्या राइड्सपर्यंत धूर येत राहतो, कारण चेंबर आणि सायलेन्सरमध्ये आधीचे तेल असते. सायलेन्सर उघडून तेलाने भिजलेली लोकर बदलली आणि चेंबर साफ केला, तर नव्या जेटचा खरा परिणाम दिसतो. त्याआधी पुन्हा जेट उतरवू नये.