खुलासा : युद्धनौका तेलासाठी भर समुद्रात थांबत नाही

सीताबर्डीच्या चहाटपऱ्यांपासून नागपूरच्या व्हॉट्सॲप ग्रुपांपर्यंत एक गोष्ट बरीच वर्षं फिरतेय: समुद्रात तेल भरायचं तर दोन्ही जहाजं इंजिन बंद करून एकमेकांना चिकटून उभी राहतात. असं नसतं ना बाप्पा!

उभं जहाज लाटांवर वाटेल तसं डोलतं, सुकाणू पाण्याच्या प्रवाहाशिवाय निकामी ठरतं, आणि शत्रूच्या पाणबुडीला आयतं लक्ष्य मिळतं. म्हणून दोन्ही जहाजं साधारण १२ ते १५ नॉट (ताशी २२ ते २८ किलोमीटर) वेगानं समांतर धावतात, मधे जेमतेम ३० ते ६० मीटर अंतर. आपल्या नौदलाची आयएनएस दीपक, आयएनएस शक्ती ही तेलवाहू जहाजं याच कामाची.

आधी एका जहाजावरून बंदुकीनं बारीक दोरी पलीकडे फेकतात. तिला जाड दोर, मग पोलादी तार. त्या तारेवर लोंबकळत तेलाचा होज, म्हणजे लवचीक नळी, सरकतो. तेल देणारं जहाज दिशा आणि वेग जराही बदलत नाही. घेणाऱ्यानं जुळवून घ्यायचं. खरी कसोटी सुकाणूवाल्याची, कारण मधलं पाणी वेगानं वाहतं, तिथला दाब घटतो आणि जहाजं एकमेकांकडे ओढली जातात. वर्धा रोडवर भरधाव ट्रकशेजारून स्कूटर नेणाऱ्याला ही ओढ ठाऊक असेल. बिघडलंच, तर काही क्षणांत होज सोडवून दूर व्हायचा सराव असतो.

हे नवंही नाही. १९१७ मध्ये अमेरिकेच्या ‘मॉमी’ या तेलवाहू जहाजानं अटलांटिकमध्ये विनाशिका युद्धनौकांना चालत्या स्थितीत तेल दिलं होतं.