चित्रांवरून केलेले पत्ते : पार्श्वभूमी

खेळण्याच्या पत्त्यांसाठी मुद्दाम काढलेली चित्रे वेगळी आणि आधीच्या कॅनव्हासवरून केलेले पत्ते वेगळे. १९४१ मध्ये फ्रान्समधल्या मार्सेयला व्हिसाची वाट पाहत अडकलेल्या अतिवास्तववादी (सर्रिअलिस्ट) चित्रकारांनी राजा-राणी-गुलाम काढूनच टाकले आणि बदाम-इस्पिकाच्या जागी ज्योत, तारा, चाक, कुलूप आणले. १९६४ मध्ये जर्मनीत आणि १९६७ मध्ये फ्रान्समध्ये निघालेले गाजलेले संचही पत्ते म्हणूनच रचलेले होते. सावंतवाडीच्या १२० पानांच्या दशावतारी गंजिफ्याचेही (हाताने रंगवलेल्या गोल पत्त्यांचेही) तेच. तयार चित्र कापून पान करायला घेतले की खरी अडचण येते.

वाद होतो तो बारा चित्रपानांवर, म्हणजे राजा-राणी-गुलामांवर: चित्र दुतोंडी करावे की अखंड ठेवावे? वर-खाली दोन्हीकडे तोंड असलेला दुतोंडी राजा एकोणिसाव्या शतकात रूढ झाला, कारण उलटे आलेले चित्रपान खेळणारा सरळ करून घेई आणि समोरच्याला त्याचा हात कळे. हाच नियम कॅनव्हासला लावला की वरचा अर्धा भाग दोनदा छापला जातो आणि खालचा जातो. व्यक्तिचित्रात निदान चेहरा उरतो, अमूर्त चित्राचा तर तोलच मोडतो. ही मोडतोड आता अनावश्यक आहे. कोपऱ्यात अंक आणि चिन्ह आल्यापासून पान कसेही धरले तरी वाचता येते. चित्र अखंड ठेवावे आणि तिरप्या कोपऱ्यांत अंक द्यावेत. त्यांच्यामागे पांढरी पट्टी मात्र हवीच. सातारा-सांगलीकडे मेंढीकोट, म्हणजे दश्श्या पकडण्याचा डाव, रात्र रात्र चालतो. गडद रंगावर थेट छापलेले इस्पिक दिव्याखाली किलवर वाटते, आणि दश्शी ओळखायला चुकले की डाव गेला.

पानाचे माप ६३ बाय ८८ मिलिमीटर. चार-तीन प्रमाणाचे आडवे चित्र त्यात उभे बसवले तर जवळपास निम्मी रुंदी कापली जाते, म्हणून निवड करतानाच उभी चित्रे घ्यावीत. मागच्या बाजूला चित्र नकोच: ते सुलटे की उलटे हे दिसते आणि पाने खुणेची होतात. तिथे दोन्हीकडून सारखी दिसणारी नक्षी द्यावी.

१९ बाय २५ इंची मशीनवर कापाची जागा सोडून ५४ पाने एका शीटवर मावत नाहीत. २७-२७ च्या दोन शीट कराव्या लागतात. दोन्हींची शाई सारखी लागली नाही तर पाठीच्या छटेवरून पान ओळखू येते. साध्या ३०० जीएसएम (चौरस मीटरला ३०० ग्रॅम) आर्ट कार्डातून उजेडात पलीकडचे दिसते, म्हणून मध्ये काळा थर असलेला बोर्ड घ्यावा.

हक्कांचे बरेचजण विसरतात. चित्र विकत घेतले म्हणून ते छापण्याचा हक्क मिळत नाही. चित्रकाराच्या मृत्यूनंतर ६० वर्षे तो वारसांकडे किंवा ज्याला लिहून दिला त्याच्याकडे राहतो. औंधच्या संग्रहालयात राजा रविवर्म्यांची चित्रे आहेत. त्यांचे निधन १९०६ चे, त्यामुळे तिथे हा प्रश्न येत नाही. फोटो काढण्याची परवानगी तेवढी संग्रहालयाकडून घ्यावी. हयात चित्रकाराकडून मात्र लेखी परवानगी घ्यावी आणि चित्र किती कापणार, हे तिच्यातच नमूद करावे.