शालेय ग्रंथपाल आणि माहिती साक्षरता (कोल्हापूर)

लागणारी माहिती कुठे मिळेल हे ओळखणे, मिळालेल्या माहितीची पारख करणे, ती आपल्या शब्दांत मांडणे आणि कुठून घेतली ते सांगणे, या कौशल्यांना मिळून माहिती साक्षरता म्हणतात. शाळेत ती शिकवण्याची जबाबदारी ग्रंथपालाची आहे, असे मत गेल्या चार दशकांत जगभर रुजले. कोल्हापूर जिल्ह्यातल्या माध्यमिक शाळांत हे काम होते तेव्हा ते बहुधा ग्रंथालयाच्या तासाला, प्रकल्पांच्या हंगामात किंवा एखादे शिक्षक रजेवर गेल्यामुळे वाट्याला आलेल्या ऑफ तासाला होते. वेळापत्रकात त्याला स्वतःचे नाव नसते.

ही संकल्पना शाळेत जन्मलेली नाही. १९७४ मध्ये अमेरिकेत पॉल झुरकोव्स्की यांनी ती मांडली तेव्हा त्यांच्या डोळ्यांपुढे कामधंद्यात माहिती वापरणारी माणसे होती. १९८९ मध्ये अमेरिकन ग्रंथालय संघाच्या समितीने तिला शिक्षणाशी जोडले. १९९० मध्ये आयझेनबर्ग आणि बर्कोविट्झ यांनी शोधाच्या सहा पायऱ्या सांगितल्या. ग्रंथालय संघटनांचा आंतरराष्ट्रीय महासंघ इफ्ला याने २०१५ च्या मार्गदर्शक सूचनांत माध्यम व माहिती साक्षरतेचे अध्यापन हे शालेय ग्रंथालयाच्या मुख्य कामांत धरले आहे.

या सगळ्यांत वर्गाच्या सर्वांत जवळ जाते ते कॅरोल कुलथाऊ यांचे संशोधन. माहिती शोधताना मुलांच्या मनात काय चालते, हे त्यांनी टिपले. विषय ठरला की मूल निवांत होते, पण शोध सुरू झाला की त्याची अस्वस्थता वाढते. एक पुस्तक एक सांगते, दुसरे दुसरे. काय घ्यावे कळत नाही. अनेक मुले इथेच शोध सोडतात आणि हाताला लागेल ते उतरवून काढतात. कुलथाऊ यांच्या मते मदतीची गरज नेमकी या टप्प्यावर असते. शाळेतले चित्र डोळ्यांपुढे आणले तर, कपाटाशी उभा राहून ‘सर, काय गावंना झालंय’ म्हणणारा आठवीतला मुलगा त्याच टप्प्यावर असतो. त्याच्या हातात आयते पुस्तक ठेवले तर त्याची अडचण सुटते, पण शिकणे तिथेच थांबते. ‘तुला नक्की काय विचारायचंय?’ एवढा एक प्रश्न विचारला तर तास सुरू होतो. विषयाच्या शिक्षकाला चाळीस मिनिटांत धडा संपवायचा असल्याने हा प्रश्न विचारायला सवड नसते. ग्रंथपालाकडे संपवायला धडा नसतो, हे त्याचे बलस्थान आहे.

भारतात या विचाराला जुनी पार्श्वभूमी आहे. ग्रंथालयशास्त्रज्ञ एस. आर. रंगनाथन यांचे ग्रंथालयशास्त्राचे पाच सिद्धांत १९३१ मध्ये प्रसिद्ध झाले. माध्यमिक शिक्षणासाठी नेमलेल्या १९५२-५३ च्या मुदलियार आयोगाने माध्यमिक शाळांतल्या ग्रंथालयांची दैना स्पष्ट शब्दांत मांडली : जुनी, मुलांच्या आवडीशी संबंध नसलेली पुस्तके, अपुरी खोली आणि ग्रंथालय सांभाळायला एखादा कारकून किंवा नाखूश शिक्षक. प्रशिक्षित ग्रंथपाल नेमावा आणि त्याला ज्येष्ठ शिक्षकांच्या बरोबरीचा दर्जा द्यावा, अशी शिफारस आयोगाने केली. त्यातले वर्णन आजही अनेक शाळांना लागू पडते आणि शिफारस मात्र कागदावर आहे. २००९ च्या शिक्षणहक्क कायद्याच्या परिशिष्टात प्रत्येक शाळेत वर्तमानपत्रे, नियतकालिके व गोष्टींसह सर्व विषयांची पुस्तके असलेले ग्रंथालय असावे असे म्हटले आहे. ते चालवायला ग्रंथपाल असावा, असे त्यात नाही.

महाराष्ट्रात खाजगी अनुदानित शाळांतल्या ग्रंथपालाची गणना शिक्षकेतर कर्मचाऱ्यांत होते. पद पूर्णवेळ की अर्धवेळ, हे विद्यार्थिसंख्येवर ठरते. जिल्हा परिषदेच्या प्राथमिक शाळांत असे पदच नसल्याने पुस्तकांचे कपाट एखाद्या वर्गशिक्षकाकडे सोपवलेले असते. सार्वजनिक ग्रंथालये १९६७ च्या कायद्याखाली ग्रंथालय संचालनालयाकडे येतात, तर शाळेची ग्रंथालये शालेय शिक्षण विभागाकडे. ग्रंथालयवाल्यांच्या लेखी शालेय ग्रंथपाल हा शाळेचा माणूस आणि शाळेच्या लेखी कार्यालयाचा! व्यवहारात दाखल नोंदवही, देवघेव आणि पुस्तकपडताळणीच्या जोडीला यू-डायसची (शाळांच्या आकडेवारीच्या सरकारी प्रणालीची) माहिती भरणे, बोनाफाईड लिहिणे आणि परीक्षेची बैठकव्यवस्था लावणे त्याच्याकडे येते. ज्याने मुलांना माहिती तपासायला शिकवायचे, त्याचा दिवस माहिती भरण्यात जातो.

कोल्हापूरच्या संदर्भात हे जास्त खटकते, कारण ग्रंथालयाच्या बाबतीत हे गाव मागे नव्हते. आजच्या करवीर नगर वाचन मंदिराची सुरुवात १८५० मध्ये नेटिव्ह लायब्ररी म्हणून झाली. राजर्षी शाहू महाराजांनी १९१७ मध्ये संस्थानात प्राथमिक शिक्षण सक्तीचे व मोफत केले. १९४५ मध्ये कोल्हापूर संस्थानाने सार्वजनिक ग्रंथालयांचा कायदा केला. मद्रास प्रांताचा कायदा १९४८ चा, म्हणजे देशातला पहिला ग्रंथालय कायदा कोल्हापूरचा. मार्च १९४९ मध्ये संस्थान मुंबई राज्यात विलीन झाले आणि कायदा इतिहासजमा झाला. शिवाजी विद्यापीठात ग्रंथालय व माहितीशास्त्राचे शिक्षण मिळते, त्यामुळे पदवीधर ग्रंथपालांची इथे वानवा नाही.

माहिती साक्षरतेचा पाठ कसा घेता येतो, याचे हाताशी असलेले उत्तम उदाहरण म्हणजे शाहू महाराजांची जन्मतारीख. जयंती २६ जूनला साजरी होते आणि राज्य शासन तो दिवस सामाजिक न्याय दिन म्हणून पाळते. पण जुन्या काही पुस्तकांत २६ जुलै १८७४ अशी तारीख छापलेली आढळते. नववीच्या वर्गापुढे दोन्ही तारखांची दोन पुस्तके ठेवायची आणि बरोबर कोणते ते सांगायचे नाही. मुले आधी मोबाईल मागतात. दहा संकेतस्थळांवर एकच तारीख दिसली की ‘दहा जण सांगतात, म्हणजे खरं’ असा निकाल लागतो. मग दहाही ठिकाणची वाक्ये शेजारी ठेवून वाचायला सांगायचे. शब्द न् शब्द सारखा निघाला, तर ते दहा साक्षीदार नसून एकाच्याच दहा नकला आहेत, हे मुलांना स्वतःला दिसते. त्यानंतरचे प्रश्न आपसूक येतात : पुस्तक कोणत्या साली छापले, लेखकाने तारीख कुठून घेतली, मूळ कागद कुठे असेल? शहरातच पुरालेखागार आहे आणि संस्थानकाळची दप्तरे तिथे जपलेली आहेत, हे अनेक मुलांना तेव्हा पहिल्यांदा कळते. तारखेचा निकाल त्या तासाला लागला नाही तरी बिघडत नाही.

दुसरा पाठ पावसाळ्यात आयता मिळतो. जुलै-ऑगस्टमध्ये पंचगंगेचे पाणी चढू लागले की घराघरांतल्या व्हॉट्सअ‍ॅप गटांवर राधानगरी धरणाच्या दरवाज्यांचे निरोप आणि व्हिडिओ फिरू लागतात. २०१९ आणि २०२१ चा महापूर पाहिलेल्या गावात असा निरोप कोणी हसण्यावारी नेत नाही, म्हणूनच तो पडताळायला शिकणे इथे जिवाशी संबंधित आहे. राजाराम बंधाऱ्याजवळची पातळी ३९ फुटांवर गेली की इशारा आणि ४३ फुटांवर धोका, हे आकडे कोल्हापूरच्या मुलांना पाठ असतात. त्यांच्याच आधारे निरोप उलगडता येतो. आजची अधिकृत पातळी किती? निरोपावर तारीख आहे का, की मागच्या वर्षीचाच व्हिडिओ पुन्हा निघालाय? राधानगरीचे सात स्वयंचलित दरवाजे धरण भरले की आपोआप उघडतात. मग ‘अचानक उघडले’ या शब्दांचा अर्थ काय? भोगावती नदीतून ते पाणी शहरापर्यंत यायला किती तास लागतात? यातला शेवटचा प्रश्न भूगोलाचा आहे. तिथे ग्रंथपाल आणि भूगोलाचे शिक्षक एकत्र उभे राहिले तर पाठ चांगला रंगतो. एकट्या ग्रंथपालाने, विषयापासून तोडून ‘माहिती कशी शोधावी’ यावर दिलेले व्याख्यान मुले विसरतात.

या कामाला प्रतिस्पर्धी आहे तो शाळेबाहेरच्या झेरॉक्सच्या दुकानात. नववी-दहावीच्या जलसुरक्षा विषयापासून पर्यावरणापर्यंत हव्या त्या विषयाचा तयार प्रकल्प तिथे प्रिंट आणि बाइंडिंगसह मिळतो. दुकानदाराला दोष देण्यात अर्थ नाही. ‘प्रदूषणाची माहिती लिहा’ एवढाच प्रकल्प दिला तर तो विकतच मिळणार. ‘आपल्या गल्लीतल्या तीन घरांत पुराचे पाणी कुठवर आले होते ते विचारा आणि त्या वर्षीच्या वर्तमानपत्रातल्या बातमीशी ताडून पाहा’ असा प्रकल्प कुठल्याच दुकानात मिळत नाही. म्हणजे माहिती साक्षरतेचे अर्धे काम प्रश्न बेतण्यात आहे, आणि प्रश्न बेतताना ग्रंथपालाला बोलावण्याची पद्धत शाळांत अजून पडलेली नाही.

साधनांची उणीव पूर्वीइतकी राहिलेली नाही. १९७६ पासून निघालेले मराठी विश्वकोशाचे खंड आता जालावर मोफत वाचता येतात. १८८६ चे कोल्हापूरचे इंग्रजी गॅझेटियरही उपलब्ध आहे, आणि साहेबाच्या नजरेने लिहिलेले वर्णन कसे वाचावे हाही एक पाठच होतो. मराठी विकिपीडियावरच्या नोंदीला कोणत्या वाक्यापाशी संदर्भ दिला आहे आणि कुठे नाही, हे पाहायला सातवीचे मूलही शिकते.

कृत्रिम बुद्धिमत्तेच्या साधनांनी हा प्रश्न वेगळ्या वळणावर नेला आहे. तिथे विचारले की सफाईदार मराठीत उत्तर येते, त्यात साल असते, नाव असते, कधी अस्तित्वात नसलेल्या पुस्तकाचा हवालाही असतो. झेरॉक्सच्या दुकानातल्या प्रकल्पात निदान शुद्धलेखनाच्या चुका असत आणि त्यावरून तो ओळखू येई. नव्या उत्तरांवर अशी खूण नसते. त्यामुळे काही ग्रंथपाल मुलांना उत्तराऐवजी हवाल्यापासून सुरुवात करायला लावतात : यंत्राने सांगितलेले पुस्तक आधी ग्रंथालयाच्या तालिकेत (पुस्तकांच्या यादीत), मग कपाटात शोधायचे, पान उघडायचे आणि ते वाक्य तिथे आहे का ते बघायचे.