इतिहासाच्या पत्रिकेला वाचक उत्तर देतो तेव्हा
आमच्याकडे अंक छापून घेणाऱ्या संपादकांसाठी

मराठवाड्याच्या इतिहासावर छोटी नियतकालिके काढणाऱ्यांची अक्षरजुळणी, मांडणी, छपाई आणि टपाल आम्ही सांभाळतो. अंक वेळेवर जातो, वर्गणीही येते, मग वाचक काहीच का कळवत नाहीत, असे संपादक आम्हाला विचारतात. आमच्या मते अंकात वाचकाला काही विचारलेलेच नसते. ‘अभिप्राय कळवा’ एवढ्या ओळीवर काय लिहावे, ते कोणालाही सुचत नाही.

ज्याचे उत्तर वाचकाच्या घरात, गावात किंवा बांधावर सापडेल, असा प्रश्न विचारा. मलिक अंबरने १६१० मध्ये खडकी (आजचे छत्रपती संभाजीनगर) वसवली आणि पुढे शहराला खापरी नळांतून पाणी देणारी नहर बांधली, हे बहुतेकांनी वाचलेले असते. लेखाखाली चौकट टाका : तुमच्या जुन्या वाड्यात नहरीचे पाणी येत होते का? हौद कोणत्या बाजूला होता?

वीरगळ, म्हणजे लढताना पडलेल्या वीराची स्मारकशिळा, तर याहून सोपा. गावोगावी मारुतीच्या पारापाशी किंवा वेशीजवळ ही शिळा उभी असते, पुष्कळदा शेंदराखाली. खालच्या चौकटीत लढाई किंवा मरण, मध्ये वीराला वर नेणाऱ्या अप्सरा, सर्वांत वर शिवलिंगाची पूजा, असा तिचा साधारण क्रम. तो एका चित्रासह समजावून सांगितला, की वाचक आपल्या गावची शिळा स्वतः वाचू लागतो. फोटो मागवा, मात्र शिळा हलवू नका, खडू किंवा चुना लावू नका, हेही ठळक छापा.

निजामी अमदानीतले उर्दू कागद आणि जुनी मोडी दफ्तरे अजून कित्येक घरांत आहेत. असा एखादा न वाचलेला कागद, मालकाची परवानगी घेऊन आणि जमिनीचे तपशील झाकून, पूर्ण पानभर छापा. मोडी किंवा उर्दू जाणणारा वाचक तो वाचल्याशिवाय राहणार नाही.

१७ सप्टेंबर १९४८ ला, निजामाने भारतापुढे शरणागती पत्करली तेव्हा, हैदराबाद संस्थानात दहा वर्षांची असलेली मुले आज पंच्याऐंशीच्या पुढे आहेत. त्यांच्या आठवणी लांबणीवर टाकू नका. नातवंडांना फोनवर ध्वनिमुद्रण करायला सांगा. त्या काळाच्या जखमा हिंदू आणि मुस्लिम अशा दोन्ही समाजांत आहेत, म्हणून नाव छापायची परवानगी आधी विचारा. दोन गावांनी एकच घटना निराळी सांगितली तर दोन्ही कथने छापा आणि ऐकीव कोणते, कागदावरचे कोणते, ते वेगळे दाखवा.

आलेले उत्तर पुढच्याच अंकात, लिहिणाऱ्याच्या आणि गावाच्या नावासह आले पाहिजे. दोन-तीन अंक थांबवलेले पत्र म्हणजे हातचा घालवलेला वाचक. चूक दाखवणारे पत्र तर सर्वांत आधी घ्या. या मजकुरासाठी शेवटचे अर्धे पान आम्ही छपाईच्या आदल्या दिवसापर्यंत मोकळे ठेवतो. त्याचे वेगळे पैसे नाहीत.

व्हॉट्सॲपवरचा फोटो ‘डॉक्युमेंट’ म्हणून मागवा, नाहीतर छपाईत तो धूसर येतो. ज्येष्ठ वाचकांसाठी पत्ता छापलेले कार्ड आम्ही अंकात घालून देतो. सोयाबीनच्या काढणीत उत्तरे उशिरा येतात, तेव्हा मुदत दिवाळीपर्यंत द्या.

पुढच्या अंकाचा मजकूर देताना प्रश्नाची चौकट सोबत पाठवा. ती नसेल तर अंक छपाईला लावण्याआधी आम्ही फोन करू.